परतलेल्यांची नावे



सैनिकांच्या स्मरणाविषयी बोलायचे तर आपल्याकडे सुरुवात वीरगळापासून करावी लागते. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला या शब्दाची घडण सांगायला नको. वीर आणि कल्लु, म्हणजे वीराचा दगड. शब्द कानडी, पण दगड महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा या तिन्ही ठिकाणचा. त्याची मांडणी बहुधा ठरलेली असते. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत ही आठवण राहो, असा त्याचा अर्थ. जुन्या गोव्यातील पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात कदंबकालीन वीरगळ आहेत, त्यांवर गलबतांची लढाईही कोरलेली दिसते.

मात्र बहुसंख्य वीरगळांवर अक्षर नाही. गावकरी दगडाला शेंदूर लावतात, नारळ फोडतात, पण तो कोणाचा हे सांगता येत नाही. वीराची आठवण राहिली आणि नाव गेले.

पुढे कंपनी सरकारच्या फौजा आल्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, जिला आपण जंगी पलटण म्हणतो, ती १७६८ साली मुंबईत उभी राहिली. या रेजिमेंटचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. स्वातंत्र्यानंतर कोल्हापूर, बडोदा आणि हैदराबाद या संस्थानांच्या पायदळाच्या पलटणीही याच रेजिमेंटमध्ये सामावल्या. म्हणजे आज इथे जमलेल्या घराण्यांपैकी अनेकांचा या इतिहासाशी संबंध असू शकतो, मग घर बेळगावचे असो, वडोदऱ्याचे असो की हैदराबादचे.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसे गेली आणि सत्तर हजारांहून अधिक मेली. मराठा पलटणींच्या वाट्याला प्रामुख्याने मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक आला. डिसेंबर १९१५ मध्ये कुट-अल-अमारा येथे तुर्की फौजेने वेढा घातला, त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या. उपासमार झाली, घोडे-खेचरे मारून खावी लागली. २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्याने शरणागती पत्करली. त्यानंतर कैद्यांना वाळवंटातून पायी नेण्यात आले, त्यात अनेक जण वाटेतच गेले.

या माणसांचे स्मरण कसे झाले? युद्धानंतर सरकारने गावोगावी संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून अमुक माणसे महायुद्धावर गेली, पैकी अमुक कामी आली, एवढाच मजकूर. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळी ही गावे तर सैनिकी परंपरेनेच ओळखली जातात. पण गावच्या पाटीवर आकडा असतो, नाव नसते.

इराकात १९२९ साली बसरा येथे स्मारक झाले. ज्यांची थडगी ज्ञात नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे हे स्मारक. त्यात बहुसंख्य भारतीय. ब्रिटिश सैनिकांची नावे तिथे शिपायापर्यंत कोरली गेली. भारतीयांपैकी मात्र अधिकाऱ्यांचीच नावे कोरली. शिपाई, नाईक, हवालदार यांच्या वाट्याला पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. युद्धस्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ मध्ये या असमान वागणुकीची जाहीर कबुली दिली आणि क्षमा मागितली. त्याला शंभर वर्षे लागली.

स्वतंत्र भारताने नावाचा मान ओळखला. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. तिथे १९४७ नंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे ग्रॅनाइटच्या विटांवर आहेत, आणि शिपाई व अधिकारी यांत भेद नाही.

आता आजच्या मुद्द्याकडे येतो. वीरगळ असो, गावची पाटी असो की दिल्लीचे स्मारक, ही सारी स्मृती मुख्यतः मेलेल्यांची आहे. जे परतले त्यांचे नाव कोठे आहे? दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या मोहिमेत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी शत्रूच्या मशिनगनवर एकटे चालून गेले, ती बंद पाडली आणि तिथेच पडले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी जखमी साथीदारांना पाण्यातून व सुरुंगांतून बाहेर काढले, मग शत्रूची ठाणी उद्ध्वस्त केली. ते परत आले आणि १९८४ पर्यंत जगले. पदक होते म्हणून त्यांचे नाव राहिले. पण त्याच नदीकाठून आणखी कितीतरी जण परत आले, त्यांनी पुन्हा नांगर धरला, पेन्शनसाठी दूरवर खेपा घातल्या आणि फारसे काही न बोलता गेले. त्यांची आठवण ठेवणारा दगड कोठेच नाही. ती फक्त घरात आहे, आणि घरातूनही ती जाते आहे.

म्हणून काय करता येईल ते सांगतो.

घरात जुने पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहा. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल यांच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. वॉर मेडल बहुधा चांदीचे, म्हणून कितीतरी पदके सोनाराकडे आटली. जी उरली ती चिंच-राखेने घासू नका, अक्षरे झिजतात. नाव वाचताना स्पेलिंगवर विसंबू नका. एका पलटणीत एकाच नावाचे अनेक जण असत, म्हणून नंबर महत्त्वाचा.

कागदांत सेवामुक्तीचे पुस्तक आणि पेन्शनचा कागद शोधा. भरतीची तारीख, पलटण, गाव-तालुका हे त्यात सापडते. पूर्वज संस्थानी फौजेत असतील तर लष्कराबरोबर त्या संस्थानाच्या दप्तरातही शोध घ्यावा लागेल. युद्धात मरण पावलेल्यांसाठी राष्ट्रकुल आयोगाच्या नोंदी उपयोगी पडतात, अनेक नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही दिलेले आहे.

जे माजी सैनिक आज आपल्यात आहेत त्यांच्याकडून १९६२, १९६५, १९७१ यांविषयी आत्ताच लिहून घ्या. शौर्याची गोष्ट मागू नका, ती ते सांगणार नाहीत. गाडी कोठून सुटली, जेवायला काय मिळे, घरचे पत्र किती दिवसांनी येई, शेजारचा जवान कोण होता, हे विचारा. बाकीचे आपोआप येते. आणि त्यांच्या पत्नीलाही विचारा. ते सीमेवर असताना घर, शेत आणि पोरे तिनेच सांभाळली, त्याची नोंद तर कोणत्याच दप्तरात नाही.

आपल्या लग्नपत्रिकांत आणि घरांच्या नावांत सुभेदार, जमादार, हवालदार हे शब्द अजून टिकून आहेत. त्यामागचा माणूस कोण होता, हे पुढच्या पिढीला सांगता यावे एवढी एक वही प्रत्येक घरात असावी: नाव, नंबर, पलटण, गाव, गेल्याची तारीख आणि परतल्याची तारीख. या वह्यांच्या प्रती साहित्यसंस्थांनी आपल्या ग्रंथालयांत जपल्या, तर वीरगळावर जे राहून गेले ते लिहिले जाईल.