सर्पगंधेची साक्ष

महसूल खात्यांत कारकुनी करितांना एक नियम अंगवळणीं पडला: पावतीवांचून खर्च मंजूर नाहीं. देशी औषधांसही हाच नियम लावावा, आणि ती पावती मिळावी म्हणून संशोधनाकरितां सरकारनें हात सैल करावा, असें सुचवावयाचें आहे.

सर्पगंधेचें उदाहरण घ्या. हिचें मूळ वैद्य पिढ्यान् पिढ्या उन्मादावर देत आले. १९३१ सालीं गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद व रक्तदाब या दोहोंवरील तिचा गुण लिहून प्रसिद्ध केला. १९४९ सालीं मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपला अनुभव इंग्लंडांतील हृदयरोगविषयक नियतकालिकांत मांडला. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं त्या मुळांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढिलें, व औषध जगभर गेलें. पुढें दोषही उघड झाला. मोठ्या मात्रेनें कित्येक रोगी खिन्न होत. गुण व दोष दोन्ही कळणें, हेंच परीक्षेचें फळ होय.

उलट, हेंच मूळ सर्पदंशावर उगाळून देण्याचीही चाल आहे. तीवर विसंबूं नये. प्रतिविषाची लस मिळेल तें रुग्णालय तत्काळ गांठावें. नांवावर भुलून वेळ दवडल्यास घरचा कर्ता माणूस जातो.

म्हणून आपल्या सभेनें ठराव करावा कीं, सार्वजनिक पैसा जाहिरातीस नको, परीक्षेस द्यावा. आणि निकाल प्रतिकूल लागला तरी तो छापावा. खरें औषध परीक्षेस भीत नाहीं.