त्वचेचा कर्करोग : निदान कोणाकडून, शस्त्रक्रिया कोणाकडे?

शेतात राबणाऱ्या माणसाच्या पायाला जखम झाली, तर ती कोणी फारशी मनावर घेत नाही. प्रथम हळद लावली जाते, मग दुकानातून मलम येते, पुढे गावातील डॉक्टर पट्टी बांधतो. जखम मात्र वर्ष झाले तरी भरत नाही आणि तिच्या कडा हळूहळू जाड व टणक होऊ लागतात. अशा जखमांपैकी बहुतेक साध्याच असतात, हे खरे. परंतु काहींच्या मुळाशी त्वचेचा कर्करोग असतो. तो वेळीच ओळखला गेला तर बहुधा एका शस्त्रक्रियेने बरा होतो. न ओळखला गेल्यास पाय कापण्याची पाळी येते, क्वचित प्राणावरही बेतते. म्हणून अशा वेळी कोणत्या डॉक्टरकडे जावे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे.

गौरवर्णीय लोकांच्या देशांत, विशेषतः ऑस्ट्रेलियात, त्वचेचा कर्करोग सर्रास आढळतो. आपल्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य सूर्यकिरणांपासून बरेच संरक्षण देत असल्याने भारतात त्याचे प्रमाण कमी आहे. या सुदैवाला एक दुसरी बाजूही आहे. रोग क्वचित दिसत असल्यामुळे रुग्णाला त्याची शंका येत नाही आणि सर्वसाधारण डॉक्टरच्याही तो चटकन ध्यानात येत नाही.

आपल्याकडील रूपे

भाजल्याच्या जुन्या वणावर अनेक वर्षांनी फुटणारा व्रण हे त्याचे एक परिचित रूप होय. फ्रेंच शल्यचिकित्सक मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये अशा व्रणांचे वर्णन केले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या तळपायावरील जुनाट जखमेतही हा रोग उद्भवू शकतो. तेथे वेदनाच नसल्याने रुग्ण बेसावध राहतो. काश्मीरमध्ये थंडीपासून बचावासाठी पोटाशी धरल्या जाणाऱ्या कांगडीमुळे पोटावर व मांड्यांवर होणारा कर्करोग प्रसिद्ध आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात तर कमरेला धोतर घट्ट बांधल्याने वर्षानुवर्षे घासल्या जाणाऱ्या जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद आहे. पुढे परकराची नाडी काचणाऱ्या जागीही तसाच रोग आढळला. हे सर्व त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींचे कर्करोग होत. ते पुढे जांघेतील किंवा काखेतील लसिका ग्रंथींपर्यंत पसरू शकतात.

नाकाच्या बाजूस किंवा डोळ्याखाली मोत्यासारखी चकाकणारी लहानशी गाठ येते, मध्येच फुटते, खपली धरते आणि पुन्हा फुटते. हा दुसरा प्रकार. तो दूरवर सहसा पसरत नाही, पण आसपासचा भाग कुरतडत जातो.

तिसरा प्रकार, मेलॅनोमा, हा सर्वांत घातक. भारतीयांमध्ये तो तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली काळ्या डागाच्या रूपाने दिसतो. त्याला कुरूप किंवा मुका मार समजून ब्लेडने कोरण्याचे प्रकार घडतात. डागाचा आकार वेडावाकडा असणे, कडा अस्पष्ट असणे, रंगात एकसारखेपणा नसणे आणि काही महिन्यांत तो वाढत जाणे, ही धोक्याची चिन्हे होत.

निदान तुकड्यावरूनच

नुसत्या नजरेने कर्करोग ठरवता येत नाही. अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ बळकट शंका घेऊ शकतो. खात्री मात्र संशयित भागाचा लहान तुकडा काढून विकृतिशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच होते. या तपासणीस बायॉप्सी म्हणतात. ‘सुरी लागली की कर्करोग पसरतो’ हा समज खेड्यांप्रमाणेच शहरांतही आढळतो आणि त्यापायी कित्येकांचे मोलाचे महिने वाया जातात. या समजाला आधार नाही.

डॉक्टर निवडण्याची खरी कसोटी येथेच आहे. संशयास्पद तीळ किंवा गाठ जो तपासणीसाठी पाठवतो, तो योग्य डॉक्टर. जो ती विजेच्या सुईने किंवा लेझरने जाळून टाकतो आणि तपासणीस काहीच शिल्लक ठेवत नाही, त्याच्यापासून दूर राहावे. चामखिळीला घोड्याचा केस बांधणे, तिळावर चुना व सोडा लावणे किंवा डाग देणे यांत आणि झगमगीत सौंदर्य चिकित्सालयातील अशा उपचारांत, रोग झाकला जाण्याच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

त्वचारोगतज्ज्ञाने एम.बी.बी.एस.नंतर त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग या विषयाची एम.डी., डी.एन.बी. किंवा पदविका घेतलेली असते. महाराष्ट्रात त्याची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असावी लागते. सौंदर्योपचारांच्या अल्पमुदतीच्या प्रमाणपत्राला या पदवीची सर नाही. नोंदणी क्रमांक विचारण्यात रुग्णाने संकोच बाळगू नये.

शस्त्रक्रिया

निदान करणाऱ्यानेच शस्त्रक्रिया करावी असे नाही. चेहऱ्यावरील लहान गाठ शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतलेला त्वचारोगतज्ज्ञ काढू शकतो. मेलॅनोमा, मोठा व्रण किंवा ग्रंथींना सूज असेल तर कर्करोग शल्यचिकित्सकच हवा. पापणी किंवा नाक यांची पुनर्रचना करावयाची असल्यास प्लास्टिक सर्जनचीही गरज लागते. गाठीभोवतीची निरोगी त्वचा किती काढावी हे रोगाच्या प्रकारावर ठरते. मेलॅनोमाची जाडी एक मिलिमीटरपर्यंत असेल तर भोवतालची सुमारे एक सेंटिमीटर त्वचा काढतात, दोन मिलिमीटरहून अधिक असेल तर दोन सेंटिमीटर. ही जाडीसुद्धा तुकड्याच्या तपासणीतूनच कळते. म्हणून तपासणीविना ‘एकदाच सगळे काढून टाकू’ म्हणणाऱ्या शल्यचिकित्सकाबाबत सावध असावे.

काढलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त आहेत काय, हे अहवालात नमूद असले पाहिजे. नसल्यास डॉक्टरांना विचारावे. तुकडा फॉर्मॅलिनमध्येच ठेवावा लागतो. बाटली प्रयोगशाळेत पोहोचविण्याचे काम पुष्कळदा नातेवाइकांवर येते, तेव्हा बाटलीवर नाव असल्याची खात्री करून ती त्याच दिवशी नेऊन द्यावी. तपासणीनंतर तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावयाचे झाल्यास तो ठोकळा व काचपट्ट्या मागून घेता येतात. ही गोष्ट ठाऊक नसल्याने अनेकांना तीच परीक्षा पुन्हा सोसावी लागते.

गावातील रुग्णाने प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात जावे, हा सरळ मार्ग होय. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयांत नेमलेला आरोग्यमित्र शिधापत्रिका व ओळखपत्र पाहून पुढील व्यवस्था सांगतो. खासगी रुग्णालयात पैसे भरण्यापूर्वी ही चौकशी व्हावी. सरपंच, ग्रामसेवक व शिक्षक यांनी या कामी रुग्णाला सोबत दिली तर बहुतेक वेळा तो अर्ध्या वाटेवरून परतत नाही. शस्त्रक्रिया झाल्यावरही पहिली काही वर्षे ठराविक महिन्यांनी त्वचा व ग्रंथी तपासून घ्याव्या लागतात. त्या तारखा रुग्णाच्या केसपेपरवर लिहून घ्याव्यात आणि घरातील कोणा शिकलेल्या मुलावर त्यांची आठवण ठेवण्याचे काम सोपवावे.