जखम आणि तिची हकिकत
चार महिन्यांचं बाळ मांडीचं हाड मोडलेल्या अवस्थेत दवाखान्यात येतं. कसं झालं विचारलं तर उत्तर मिळतं, “झोपेत पाय अडकला.” इथे डॉक्टरांनी थांबायला हवं. जे मूल अजून रांगतही नाही, ते असं हाड स्वतःहून मोडून घेण्याची शक्यता फारच कमी. जखम, मुलाचं वय आणि सांगितलेली हकिकत या तिन्हींचा मेळ बसतो का, हा इथला कळीचा प्रश्न.

हा प्रश्न विचारायला वैद्यकशास्त्राने फार उशीर केला. 1946 मध्ये अमेरिकेतले क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी काही तान्ह्या मुलांच्या तपासण्या मांडल्या. मेंदूभोवती रक्तस्राव, हातापायांची हाडं अनेक ठिकाणी मोडलेली आणि पडल्या-झडल्याची कुठलीच नोंद नाही. डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 मध्ये या मुलांना मारहाण होते आहे, हे उघडपणे लिहिलं. एक्स-रे डोळ्यांसमोर होते, पण आई-बाप असं करतील यावर विश्वास ठेवायला डॉक्टरांचंच मन तयार नव्हतं, असं मला वाटतं. आजही अडतं ते तिथेच.

धावत्या-खेळत्या मुलाच्या नडग्या, गुडघे, कोपरं, कपाळ खरचटलेलं असणारच. पण कान, मान, पोट, पाठ, मांडीची आतली बाजू या जागा पडताना सहसा लागत नाहीत. तिथे काळंनिळं दिसलं, किंवा चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर कुठेही वळ दिसला, तर तपासणी व्हायलाच हवी. पट्ट्याचा किंवा दुहेरी धरलेल्या वायरचा वळ तर आपला आकारच अंगावर सोडतो.

भाजण्याचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. मुलाने ओट्यावरचं गरम पाण्याचं पातेलं ओढलं, तर पाणी चेहऱ्यावर, खांद्यावर, छातीवर सांडतं आणि खाली ओघळत जातं. डाग वेडावाकडा असतो, आजूबाजूला शिंतोडे असतात. पण दोन्ही पाय सारख्याच उंचीपर्यंत भाजलेत, मोजा घातल्यासारखी सरळ रेघ आहे आणि शिंतोडा एकही नाही, तेव्हा त्या मुलाला कढत पाण्यात कुणीतरी धरून ठेवलं होतं, ही शंका घ्यावीच लागते. पाण्यात चुकून पाय पडलेलं मूल झटक्यात पाय मागे घेतं.

जखमेइतकंच आजूबाजूचंही बोलतं. दुखापत होऊन तीन दिवसांनी दवाखाना गाठणं, आईची हकिकत एक आणि वडिलांची दुसरी असणं, दर वेळी नवा डॉक्टर शोधणं.

मात्र घाईने आई-बापांवर ठपका ठेवणं हाही अन्यायच. मुडदूस, ठिसूळ हाडांचा आजार, रक्त न गोठण्याचा आजार यांतही अशाच खुणा दिसतात. आपल्याकडच्या कित्येक बाळांच्या कमरेवर जन्मतःच निळसर डाग असतो, तो मार नव्हे. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून रक्ततपासणी आणि लहान बाळांच्या बाबतीत सगळ्या हाडांचे एक्स-रे. त्यात भरून आलेली जुनी मोड आणि ताजी मोड शेजारी शेजारी दिसली, तर एकदाच पडल्याची हकिकत टिकत नाही.

केंद्र सरकारच्या 2007 च्या पाहणीत दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचं आढळलं होतं. “धाक हवाच” म्हणणाऱ्या घरांत हा आकडा कुणाला खुपत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मूल डॉक्टरांपर्यंत पोचण्याआधी ते बालवाडीच्या ताईंना, शेजारच्या काकूंना, आत्या-मावशीला दिसतं. त्यांनी मुलाशी एकांतात, शांतपणे बोलावं. “बाबांनी मारलं ना?” असं उत्तर तोंडात घालू नये, “हे कसं झालं, बाळा?” एवढंच विचारावं आणि ते जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावं. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. इतर मारहाणीसाठीही 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे. फोन करणाऱ्याकडे पुरावा असण्याची गरज नाही. खरं-खोटं तपासणं हे बाल संरक्षण यंत्रणेचं, पोलिसांचं आणि बालकल्याण समितीचं काम आहे.