जुन्या दप्तराची विल्हेवाट

संगणकावर विंडोजची नवी आवृत्ती स्थापित झाली, म्हणजे जुन्या आवृत्तीचा सारा संसार ‘विंडोज.ओल्ड’ नामक फोल्डरात बांधून ठेवला जातो, आणि माघारी फिरण्याची मुदत, जी विंडोज १०मध्ये प्रथम तीस दिवसांची होती व २०१६ साली दहांवर आली, ती सरताच तो बहुधा आपोआप नाहीसा होतो. परंतु जुनी हार्ड डिस्क नव्या संगणकास जोडून तिच्यावरील ‘विंडोज’ फोल्डर पुसू गेल्यास, पदरचे दाम मोजून घेतलेले यंत्रच आपणांस ‘परवानगी नाही’ असे सुनावते.

याचे मूळ, १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएस या संचयपद्धतीत आहे: तीत प्रत्येक फाइलीच्या मालकाची व हक्कदारांची नोंद असते, आणि व्हिस्टापासून तर प्रणालीच्या बहुतेक फायलींची मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या अदृश्य मुखत्याराकडे सोपविलेली असून, त्या पुसण्याची मुभा खुद्द प्रशासकासही नसते. (घरमालकाने मुनिमापुढे हात जोडावेत, तशातलाच हा प्रकार!) मात्र मालकी आपल्याकडे खेचण्याचा अधिकार प्रशासकास राखून ठेवलेला असल्यामुळे, ‘टेकओन’ या आज्ञेने प्रथम कबजा घ्यावा, ‘आयकॅक्ल्स’ने पूर्ण हक्कांची सनद करून घ्यावी, आणि मगच पुसावे. चालू विंडोजच्या फोल्डरावर हा प्रयोग करू नये.

विंडोज.ओल्डसाठी एवढा खटाटोपही नको. ‘डिस्क क्लीनअप’ प्रशासकाच्या अधिकाराने चालवून मागील स्थापनेची नोंद निवडली, की कित्येक गिगाबाइट जागा मोकळी होते. तत्पूर्वी त्यातील ‘यूझर्स’ फोल्डर मात्र अवश्य चाळावा. जुनी छायाचित्रे व कागदपत्रे तेथेच पडून असू शकतात.