इंग्रजीतून अभ्यास करण्याची विद्या

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक काही लिहावे अशी चालकांची सूचना आली, तेव्हा इंग्रजीच्या महत्त्वावर चार पाने लिहून देणे आम्हांस सोपे होते. परंतु ते महत्त्व हैदराबादेतल्या कोणत्याही आईबापांस आता पटवून द्यावे लागत नाही. पटवून द्यावयाचे ते निराळेच आहे. इंग्रजी शिकणे ही एक गोष्ट आणि इंग्रजीतून अभ्यास करता येणे ही दुसरी. पहिली शाळेत शिकवली जाते. दुसरी मुलाला आपोआप येईल असे सर्वजण गृहीत धरतात, आणि ती आपोआप येत नाही.

ही उणीव दहावीपर्यंत झाकलेली राहते. मराठी, उर्दू किंवा तेलुगू माध्यमातला मुलगा इंग्रजीचे निबंध आणि प्रश्नोत्तरे पाठ करतो, बऱ्यापैकी गुण मिळवतो आणि इंटरमीजिएटला शास्त्र शाखा घेतो. तेथे बहुतेक कॉलेजांत तास इंग्रजीतून चालतात. फळ्यावर लिहिलेले तो अक्षर न् अक्षर उतरवून घेतो, पण तोंडी सांगितलेले सारे निसटून जाते. घरी पुस्तक उघडावे तर एका पानात पंधरा-वीस शब्द अडतात. प्रत्येकाचा अर्थ पेन्सिलीने वर लिहिता लिहिता रात्रीचे दहा वाजतात, आणि मग पानात काय सांगितले आहे असे विचारले तर उत्तर नाही. असे चार-सहा महिने गेले की मुलगा शाखा बदलतो, नाहीतर एखाद्या दुकानात कामाला लागतो. मुलींच्या बाबतीत घरचा निर्णय याहून लवकर होतो. "डोके चालत नाही हो त्याचे," असे वडील आम्हांस सांगतात. डोके उत्तम चालत असते. त्याला जे कोणी शिकवलेच नाही ते त्याला येत नाही, इतकेच.

येथे वडीलधारी मंडळी एक आक्षेप घेतात व तो विचारात घेण्यासारखा आहे. ते म्हणतात, आमच्या वेळी तर मराठी मुलांना सारे उर्दूतून शिकावे लागे. मग आम्ही कसे शिकलो? गोष्ट खरी आहे. निजामी राज्यात माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. 1917 साली भाषांतरासाठी दारुल तर्जुमा निघाले, 1918 साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, आणि तेथे शास्त्रेसुद्धा उर्दूतून शिकवली जात. इंग्रजी हा सक्तीचा विषय असे. 1907 साली विवेक वर्धिनीसारखी शाळा मराठी मंडळींनी काढली ती याच परिस्थितीत. परंतु उर्दू ही त्या मुलांच्या कानावर बाजारात, शेजारी, टांग्यात दिवसभर पडत होती. आणि तिची वाक्ये मराठीसारखीच चालतात: कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी. तेलुगू, कानडी, हिंदी यांचीही तीच रीत. हैदराबादचा मुलगा यांतल्या एका भाषेतून दुसरीत जातो तेव्हा शब्द बदलतात, वाक्याची घडण बदलत नाही.

इंग्रजीत ती बदलते. क्रियापद कर्त्याच्या मागोमाग येते आणि मग त्याच्या पाठीमागे कोठे, केव्हा, कशासाठी अशी शेपटे लागतात. आमच्या मुलाला वाक्याच्या शेवटी मुख्य गोष्ट ऐकण्याची जन्माची सवय. तो शेवटच्या शब्दाची वाट पाहत बसतो, आणि तोवर मुख्य गोष्ट येऊन गेलेली असते. तासाला टिपणे घेता येत नाहीत याचे एक मोठे कारण आमच्या मते हेच होय. हे मुलांना एकदा उघड करून सांगितले, आणि पाच-सात दिवस लहान वाक्ये वाचून दाखवून 'कोणी काय केले एवढेच लिहा' असे करून घेतले, की फरक पडू लागतो. त्याबरोबर वाट दाखवणारे शब्द ओळखायला शिकवावे: फर्स्ट, बट, देअरफोर, फॉर एक्झाम्पल. 'बट' ऐकू आला की आता पालटणार, 'देअरफोर' आला की निष्कर्ष येणार. मराठीत 'परंतु' आणि 'म्हणून' यांवर तो हे न शिकवता करतो. तीच खूण तेथे लावावयाची असते.

आता शब्दकोशाकडे वळू. सहावी-सातवीतल्या मुलाला इंग्रजी बाराखडी येते म्हणजे ती चालीवर म्हणता येते. 'एम्'च्या आधी काय, असे विचारा. तो 'ए'पासून गाऊ लागेल. मराठी वर्णमालेला उच्चारस्थानांचा क्रम आहे, कंठ्य, तालव्य, मूर्धन्य असा. उर्दूत सारख्या आकाराची अक्षरे शेजारी येतात. इंग्रजी क्रमाला असा कोणताच आधार नाही, केवळ पाठांतर आहे, म्हणून तो निराळा घटवावा लागतो. आम्ही मुलांना कोशाचे चार भाग करून देतो: ए ते डी, ई ते एल, एम ते आर, एस ते झेड. हे चार भाग जाडीने जवळजवळ सारखे भरतात. शब्द कोणत्या भागात ते आधी सांगावयाचे, तेथेच कोश उघडावयाचा, आणि पानाच्या माथ्यावरचे दोन शब्द पाहून पुढे-मागे सरकावयाचे. रोज पाच मिनिटे याप्रमाणे महिनाभर केल्यावर मुले कोशाला भिईनाशी होतात.

शब्द सापडला तरी काम संपत नाही. 'स्टडीज' कोशात शोधून न मिळाल्याची तक्रार मुले करतात. त्यांना विचारावे की मराठी कोशात 'गेलास' मिळेल काय? 'जाणे' पाहावे लागते. म्हणजे मूळ रूपाकडे जाण्याची युक्ती मुलाजवळ आहेच. अनेक अर्थांचे मात्र निराळे आहे. आपल्या शहरात करंट म्हणजे वीज; 'करंट गेला' असे लहान मूलही म्हणते. म्हणून अर्थशास्त्राच्या धड्यात 'करंट प्राइस' आले की मुले विजेचा दर असा अर्थ लावू पाहतात. कोशात चार अर्थ दिले असता यांतला कोणता येथे बसतो हे मुलाने स्वतः ठरवले पाहिजे. मोबाइल फोनवर शब्द टाकला की एक अर्थ तत्काळ मिळतो, उच्चारही ऐकू येतो, आणि ती सोय आम्ही नाकारीत नाही. परंतु निवड फोन करतो, मूल करीत नाही.

कोणता कोश द्यावा? प्रथम दुभाषी. मौलवी अब्दुल हक यांचा इंग्रजी-उर्दू कोश 1937 साली अंजुमन तरक्की-ए-उर्दूने प्रसिद्ध केला. या अंजुमनचा कारभार पुष्कळ वर्षे औरंगाबादेहून चालत असे, हे मराठवाड्याच्या वाचकांस ठाऊक असेलच. मराठीतही लहानमोठे दुभाषी कोश मिळतात. नववीनंतर मात्र परकीय विद्यार्थ्यांसाठीच रचलेला सोपा इंग्रजी-इंग्रजी कोश हाती द्यावा. हॉर्न्बी यांनी असा पहिला मोठा कोश जपानातल्या विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता तयार केला व तो 1942 साली टोकियोत निघाला. त्याचे मोल त्यातल्या उदाहरणवाक्यांत आहे.

वाचनाविषयी आमचे मत काही सहकाऱ्यांस रुचत नाही. वर्गात एकाने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी बोट फिरवावे यालाच वाचन समजतात. त्याने उच्चार सुधारत असतील. अर्थ समजत नाही. मायकेल वेस्ट यांनी ढाक्यातल्या अनुभवावरून 1926 साली बंगालमधील द्वैभाषिकतेवर ग्रंथ लिहिला. पुष्कळ मुले मध्येच शाळा सोडतात. विमा अर्ध्यावर सोडला तरी काही रक्कम परत मिळते, तसे त्यांच्या हाती काही तरी उरले पाहिजे, आणि ते म्हणजे मनातल्या मनात समजून वाचण्याची शक्ती, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे हैदराबादेतच 1958 साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश निघाली, तीच 2007 पासून इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. त्या काळात देशभर वाक्यरचना क्रमाने घटवण्याच्या पद्धतीचा बोलबाला होता. ती पद्धत वाईट नव्हती, पण वाक्य आले म्हणजे पान वाचता आले असे होत नाही.

पान कसे वाचावे, याची रीत अमेरिकेत रॉबिन्सन यांनी 1946 साली मांडली, ती पुष्कळांनी बी.एड.ला वाचली असेल: आधी वरवर नजर टाका, प्रश्न काढा, वाचा, पुस्तक मिटून सांगा, पुन्हा उजळणी करा. हे वाचताना आम्हांस तर जुने मदरसेच आठवले. तेथे विद्यार्थी धड्याच्या आदल्या रात्री पुढचा मजकूर स्वतः पाहून ठेवतो, त्यास मुताला म्हणतात. मग उस्तादांपुढे सबक. आणि नंतर दोघे-चौघे बसून एकाने तोच धडा इतरांस समजावून सांगावयाचा, ती तकरार. (मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणे झाले, अरबी मूळ अर्थ पुन्हा पुन्हा करणे असा आहे.) आपल्याकडचे श्रवण, मनन, निदिध्यासन हे तरी याहून काय निराळे? म्हणून ही रीत परकी म्हणून शिकवण्याची गरज नाही. मात्र एक अट आम्ही घालतो. पुस्तक मिटून सांगणे पहिले काही महिने मराठीत किंवा उर्दूत होऊ द्यावे. 'वर्गात इंग्रजीखेरीज शब्द नको' हा हट्ट येथे घातक आहे, कारण मुलाला कळले की नाही हेच मग आपल्याला कळत नाही. मातृभाषेत तीन वाक्ये नीट सांगता आली की त्यांचे इंग्रजी करणे हे लहान काम उरते. येथे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढीचे चुकले नव्हते असेच आम्ही म्हणू.

शास्त्रविषयांच्या शब्दांसाठी वहीत चार रकाने आखावे. एकाच पानाफुलाच्या क्रियेला मराठीत प्रकाशसंश्लेषण, उर्दूत जियाई तालीफ, तेलुगूत किरणजन्य संयोगक्रिया आणि इंग्रजीत फोटोसिंथेसिस म्हणतात. मुलाला क्रिया ठाऊक आहे. त्याला फक्त चौथे नाव हवे आहे. चारही नावे शेजारी पाहिली की आपण नवे काही शिकत नसून ओळखीच्या माणसाला दुसऱ्या नावाने हाक मारीत आहोत, हे त्याच्या ध्यानात येते व भीती निम्मी होते. तेलंगणातील सरकारी शाळांत 2022-23 पासून इंग्रजी माध्यम आणले गेले, तेव्हा समोरासमोरच्या पानांवर तेलुगू व इंग्रजी असलेली पुस्तके दिली गेली. कल्पना चांगली होती. परंतु दोन पानांमध्ये ये-जा कशी करावी हे शिकवले नाही, तर मूल सोपे पान वाचून अवघड पान उलटते.

न्यास दरवर्षी वह्या, फी आणि बक्षिसे देतो, त्याबद्दल आम्ही शिक्षक ऋणी आहोत. यंदा त्यात दोन बदल व्हावे अशी विनंती आहे. प्रश्नोत्तरांच्या गाइडांवरचा खर्च थांबवून तेवढ्याच रकमेत दोन मुलांमागे एक शब्दकोश द्यावा. आणि नववीच्या मुलामुलींसाठी आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी एक तास ठेवावा, ज्यात पाठांतर नसेल, केवळ कोश, वाचन व टिपणे असतील. मुलींना दिवेलागणीपूर्वी घरी पोहोचता यावे अशी वेळ ठरवावी, नाहीतर त्या येणार नाहीत. वर्गाची परीक्षा घेणेही सोपे आहे: मुलाने पूर्वी न पाहिलेले शास्त्राचे एक इंग्रजी पान दहा मिनिटे हाती द्यावे, मग काढून घ्यावे, आणि त्यात काय होते ते तीन वाक्यांत लिहिण्यास सांगावे, भाषा कोणतीही. जूनमध्ये एकदा घ्यावी व फेब्रुवारीत पुन्हा, आणि दोन्ही वेळचे कागद चालकांनी स्वतः शेजारी ठेवून वाचावे.