तोडलेल्या जंगलाचं राष्ट्रीय उद्यान

कॅलिफोर्नियात मुलांकडे आलेले आपल्याकडचे आईवडील रेडवूडची झाडं पाहतात ती बहुधा म्यूर वूड्समध्ये. सॅन फ्रान्सिस्कोहून सकाळी निघालं तर जेवायला घरी परतता येतं, म्हणून ते सोयीचं. पण रेडवूडच्या मूळ मुलखात जायचं तर त्याच शहरातून १०१ क्रमांकाच्या हमरस्त्यानं उत्तरेला पाचशे किलोमीटरहून जास्त जावं लागतं. हंबोल्ट काउंटीत, समुद्रालगत, ओरिक नावाचं साडेतीनशेच्या आसपास वस्तीचं गाव आहे. तिथूनच रेडवूड राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. जगातली सर्वांत उंच झाडं इथं आहेत आणि लोक त्यांच्यासाठीच येतात. मला मात्र या उद्यानातली दुसरी जमीन जास्त महत्त्वाची वाटते. उद्यानात येण्याआधीच जिच्यावरचं जंगल तोडून नेलेलं होतं, ती.

ती बघायला वाट वाकडी करावी लागत नाही. ‘टॉल ट्रीज ग्रोव्ह’ या राईत जायला परवाना लागतो आणि रोज ठरावीकच परवाने मिळतात. बाल्ड हिल्स रोडवरचं फाटक उघडायचं, कच्च्या रस्त्यानं सावकाश गाडी न्यायची आणि मग पायवाटेनं आठशे फूट खाली ओढ्यापर्यंत उतरायचं. त्या कच्च्या रस्त्याच्या दुतर्फा दाट झाडी आहे. नवख्या माणसाला ती जंगलच वाटते. गाडी थांबवून जरा आत डोकावलं की फरक कळतो. खोडं एकमेकांना खेटून उभी, जवळजवळ सगळी एकाच वयाची, खालच्या फांद्या वाळलेल्या. ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे नेचे नाहीत, झुडपं नाहीत, नुसता काटक्यांचा खच. मधेच एखादा खोलीएवढा रुंद, काळा पडलेला बुंधा. जिथली तोड फार जुनी आहे तिथल्या बुंध्यांवर पुरुषभर उंचीला खाचा दिसतात. त्या खाचांत फळ्या खोचून दोन माणसं वर उभी राहत आणि खालचा अतिरुंद भाग सोडून वरच्या बाजूला करवत चालवत. रेडवूड चिवट झाड आहे. तोडलं तरी बुंध्यातून धुमारे फुटतात, त्यामुळे जुन्या बुंध्याभोवती कोवळ्या झाडांचं कडं उभं राहतं.

खाली ओढ्याकाठी पोहोचलं की तीनशे फुटांहून उंच झाडं, खाली हिरवेगार नेचे, आणि झाडाझाडांमध्ये भरपूर मोकळी जागा. वरच्या झाडीशी त्याचं काही नातं असेल असं वाटतच नाही.

ही राई जगाला ठाऊक झाली ती १९६४ साली, नॅशनल जिऑग्राफिकनं इथल्या ३६७ फुटांहून उंच झाडाची बातमी दिली तेव्हा. त्याआधी १९१८ पासून ‘सेव्ह द रेडवूड्स लीग’ ही संस्था देणग्या गोळा करून राया विकत घेत होती आणि त्यांतूनच राज्य सरकारची उद्यानं उभी राहिली होती. राष्ट्रीय उद्यान व्हायला १९६८ उजाडलं. लाकूड कंपन्या आणि निसर्गप्रेमी यांच्यातल्या रस्सीखेचीतून जो नकाशा निघाला तो मोठा विचित्र होता. रेडवूड क्रीकच्या काठानं अवघी अर्धा मैल रुंद आणि सुमारे आठ मैल लांब अशी पट्टी उद्यानात आली. उंच झाडं तेवढी वाचली. लोकांनी त्या पट्टीचं नाव ‘गांडूळ’ ठेवलं होतं. वरच्या डोंगरउतारांची मालकी कंपन्यांकडेच राहिली.

डोंगर वर बोडका केला आणि खाली ओढ्याकाठची राई राखली, तर काय होणार हे कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागणार नाही. इथला डोंगर मुळातच ठिसूळ, पाऊस जबरदस्त. कंपन्यांनी उद्यानाच्या हद्दीपर्यंत सरसकट तोड केली, ओंडके ओढून नेण्यासाठी उतारांवर रस्ते खोदले. १९७२ आणि १९७५ च्या पुरांत माती आणि दगडगोटे ओढ्यात उतरले. पात्र उथळ झालं, काठ ढासळू लागले आणि ज्या झाडांसाठी उद्यान केलं त्यांच्याच मुळांना धोका निर्माण झाला. सिएरा क्लब या निसर्गप्रेमींच्या संस्थेनं सरकारला कोर्टात खेचलं. सॅन फ्रान्सिस्कोचे खासदार फिलिप बर्टन यांनी उद्यान वाढवण्याचं विधेयक आणलं. वाढीव ४८,००० एकरांपैकी बहुतेक जमिनीवरचं जंगल तोपर्यंत गेलेलं होतं. बोडकी जमीन, तीही भरमसाट भरपाई देऊन, राष्ट्रीय उद्यानासाठी कशाला घ्यायची, हा विरोधकांचा प्रश्न गैर नव्हता. पण ओढा वाचवायचा तर डोंगर हातात हवा, याला दुसरं उत्तरही नव्हतं.

ओरिकच्या लोकांना यात स्वतःचं मरण दिसत होतं. १९७७ मध्ये लाकूडतोड्यांनी ट्रकांचा तांडा घेऊन थेट वॉशिंग्टन गाठलं. अध्यक्ष जिमी कार्टर मूळचे भुईमूग पिकवणारे शेतकरी, म्हणून त्यांना भेट द्यायला रेडवूडच्या ओंडक्यातून कोरलेली नऊ टनी भुईमुगाची शेंग सोबत नेली होती. व्हाइट हाउसनं ती स्वीकारली नाही. हजारो मैलांवरून नेलेली शेंग तशीच ओरिकला परत आली. २७ मार्च १९७८ रोजी कार्टर यांनी कायद्यावर सही केली. काम गेलेल्या कामगारांसाठी कायद्यात भरपाई होती, नवं काम शिकण्याची सोयही होती. गाव मात्र सावरलं नाही. जुनी झाडं संपत आली होती आणि यंत्रांमुळे माणसं कमी लागत होती, म्हणजे उद्यान झालं नसतं तरी सॉ मिलचे दिवस भरलेच होते, हे खरं आहे. पण ज्याचा पगार थांबतो त्याला हा हिशेब सांगून उपयोग नसतो. पुढं २०१४ मध्ये जुन्या रेडवूडच्या बुंध्यांवरच्या मोठाल्या गाठी रात्री कापून चोरण्याचे प्रकार इतके वाढले, की उद्यानातला एक निसर्गरम्य रस्ता रात्रीपुरता बंद करावा लागला. बेकारी आणि व्यसनं यांचा या चोऱ्यांशी असलेला संबंध तेव्हा उघडपणे बोलला गेला.

जमीन हातात आली, पुढं काय करायचं? तिला एकटी सोडली की जंगल आपोआप परत येईल, असं बऱ्याच जणांना वाटत होतं, आजही वाटतं. या उद्यानाचा अनुभव वेगळा आहे. सुमारे ३०० मैलांचे ट्रकचे रस्ते आणि त्याच्या दसपट लांबीच्या ओंडके ओढायच्या वाटा सरकारच्या गळ्यात पडल्या होत्या. जिथं रस्ता ओढा ओलांडतो तिथं मोरी टाकून वर मातीचा भराव केलेला. पावसाळ्यात काटक्या-पाल्यानं मोरी तुंबते, पाणी भरावावरून वाहू लागतं आणि एका रात्रीत सगळा भराव ओढ्यात जातो. म्हणून रस्ते नुसते बंद करून भागत नाही, ते मोडावे लागतात. पोकलेन लावून भराव उपसायचा, ओढ्याचं जुनं पात्र शोधून मोकळं करायचं, कापलेल्या उताराला पुन्हा माती लावायची आणि वर ओंडके पसरायचे. १९७८ पासून हे काम चाललं आहे. रस्ते बांधण्यात हयात गेलेले काही चालकच पुढं ते मोडण्याच्या कामावर आले. पुरानं कुठली माती जाईल हे त्यांना नकाशाशिवाय कळत असे.

दुसरं काम विरळणीचं, आणि त्यावरच लोक जास्त बिचकतात. तोडीनंतर कंपन्यांनी डग्लस फरचं बी हवेतून पेरलं होतं. तो भराभर वाढला आणि रेडवूडचे धुमारे त्याच्या गर्दीत अडकले. अशी झाडी शंभर वर्षंही तशीच कोंडून राहू शकते. ‘रेडवूड्स रायझिंग’ या योजनेत राष्ट्रीय उद्यान सेवा, राज्य उद्यानं आणि सेव्ह द रेडवूड्स लीग २०१८ पासून एकत्र आले आहेत. पूर्वी तोड झालेल्या सुमारे ७०,००० एकरांवर गर्दी कमी करण्याचा, म्हणजे झाडं तोडण्याचा, त्यांचा कार्यक्रम आहे. निघालेले काही ओंडके विकून खर्चाचा भाग भागवला जातो. राष्ट्रीय उद्यानातून ओंडक्यांचे ट्रक बाहेर पडताना पाहिले की पोटात गोळा येणं साहजिक आहे. तरीही माझं मत विरळणीच्या बाजूनं आहे. कोंडलेल्या झाडीत ऊन पोहोचल्यावर नेचे परततात आणि रेडवूड जाड होऊ लागतो. अट एवढीच, की ओंडक्याच्या भावावर कुठलं झाड पाडायचं ते ठरता कामा नये.

पायवाटांचा प्रश्नही याच निर्णयांत गुंतलेला आहे. लॉस्ट मॅन क्रीकची चालायची आणि सायकलची वाट मुळात ओंडक्यांच्या ट्रकचा रस्ता होता. प्रत्येक रस्त्यापाशी ठरवावं लागतं, हा मोडायचा की माणसांसाठी ठेवायचा. आणि माणसांना कुठं जाऊ द्यायचं नाही, हेही. २००६ मध्ये सापडलेला ‘हायपेरियन’, जगातलं सर्वांत उंच जिवंत झाड, साधारण ३८० फुटांचं, १९७८ साली जोडलेल्या भागातच आहे. तिथं नेणारी अधिकृत वाट नाही, तरी लोक झाडी तुडवत जाऊ लागले, बुंध्याभोवतीची वनस्पती चिरडली, कचरा साठला. शेवटी २०२२ मध्ये तो भाग बंद झाला. आत शिरलं तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मला हा निर्णय पूर्ण पटतो.

या साऱ्या वादांत युरोक जमातीला फारसं कुणी विचारलं नाही. क्लामथ नदीच्या खोऱ्यात आणि या किनाऱ्यावर ते पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. रेडवूडच्या फळ्यांची घरं, रेडवूड कोरून केलेल्या होड्या, नदीतला सामन मासा हे त्यांचं जगणं. सोन्याच्या शोधात आलेल्यांनी आणि नंतर लाकूड कंपन्यांनी त्यांची बहुतेक जमीन बळकावली. आता तो हिशेब बदलू लागला आहे. २०२२ पासून उद्यानाच्या आकाशात पुन्हा कॉन्डोर गिधाडं सोडली जात आहेत, आणि त्यात पुढाकार युरोकांचाच आहे.

ओरिकजवळ प्रेअरी क्रीकच्या काठावर १२५ एकरांची एक जागा आहे, ‘ओ’रू’. जुनं युरोक गाव, मग मोठी सॉ मिल, मग डांबराखाली पडून राहिलेली ओसाड जमीन. लीगनं ती २०१३ मध्ये विकत घेतली. डांबर उखडून, चर खणून सरळ केलेल्या ओढ्याला पुन्हा वळणं दिली. त्यासाठी युरोकांच्याच यंत्रचालकांनी आणि मत्स्यविभागानं काम केलं. हजारो देशी रोपं लावली गेली. सामनची पिल्लं नव्या पात्रात लगेच दिसू लागली. मार्च २०२४ मध्ये झालेल्या करारानुसार २०२६ मध्ये ही जमीन युरोक जमातीच्या मालकीची व्हायची आणि राष्ट्रीय उद्यान सेवेनं तिथं त्यांच्यासोबत कारभार पाहायचा, असं ठरलं. युरोक पद्धतीची फळ्यांची घरं, माहिती केंद्र, आणि किनारी पायवाटेला व उद्यानाच्या जुन्या वाटांना जोडणाऱ्या एक मैलाहून लांबीच्या नव्या वाटा, असा आराखडा आहे. उद्यानाचं दक्षिणेकडचं प्रवेशद्वार म्हणून लोक यापुढं इथंच थांबतील. तसं झालं, तर थांबणाऱ्यांच्या जेवणाखाण्याचं आणि मुक्कामाचं काम ओरिकच्या वाट्याला यावं, यासाठी आतापासूनच कुणीतरी बसून आखणी करायला हवी. १९७८ मध्ये तेवढंच राहून गेलं होतं.