ग्रेपची शोधकथा : मरे हिल ते कुरुंदा

अमेरिकेत १७८७-८८ मध्ये नव्या राज्यघटनेच्या बाजूने ८५ निबंध छापले गेले. सगळ्यांखाली सही एकच : ‘पब्लियस’. या टोपणनावाआड अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे असे तिघे लपले होते. त्यांतले १२ निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीडशे वर्षे मिटला नाही. अखेर १९६४ मध्ये मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी शब्द मोजून कौल मॅडिसनच्या बाजूने दिला. माणसाचे विषय बदलतात, बारीकसारीक शब्दांच्या सवयी सहसा बदलत नाहीत, हे त्यांचे सूत्र होते.

मराठी वाचकाला हा प्रश्न ओळखीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने लिहून ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार ज्ञानदेव वेगळे आहेत, असे मांडले आणि खळबळ उडवली. दोन्हींच्या भाषेतला फरक हा त्यांचा एक आधार होता. तेव्हा असा फरक टिपायला डोळे आणि चिकाटी एवढेच साधन होते.

न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये संशोधक ली मॅकमहोन यांना त्या ८५ निबंधांची भाषा संगणकावर तपासायची होती. युनिक्स प्रणाली नुकतीच तिथे आकाराला येत होती. तिच्या ‘एड’ या संपादकात शब्दाचा नमुना देऊन ओळी शोधता येत. पण निबंधांचा मजकूर दहा लाख अक्षरांच्या पुढचा, आणि त्या काळच्या पीडीपी-११ यंत्राची स्मृती तोकडी. एवढी मोठी फाइल एडला पेलेना.

त्याच प्रयोगशाळेत डग मॅकिलरॉय यांनाही फाइलींमधून शब्द शोधायचे होते. त्यांनी युनिक्सचे जनक केन थॉम्पसन यांना गाठले : एडमधला शोधाचा भाग वेगळा काढता येईल का? थॉम्पसन म्हणाले, रात्रभर विचार करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्रॅम हजर होता!

एका रात्रीत हे कसे घडले, याचा उलगडा थॉम्पसन यांनीच पुढे केला. असा प्रोग्रॅम त्यांनी स्वतःपुरता आधीच लिहिला होता आणि त्याला ‘एस’ एवढेच नाव दिले होते. त्या रात्री तासभर बसून त्यांनी त्यातल्या चुका काढल्या आणि तो सर्वांसाठी खुला केला. एडमधल्या शोधाच्या आज्ञेवरून त्याचे नाव पडले ‘ग्रेप’. १९७३च्या चौथ्या युनिक्स आवृत्तीत तो दाखल झाला.

त्यामागची युक्ती साधी होती. ग्रेप अख्खी फाइल स्मृतीत घेत नाही. एक ओळ वाचतो, नमुना जुळला तर छापतो, नाही तर सोडून पुढे जातो. त्यामुळे फाइल केवढीही असली तरी त्याचे अडत नाही.

नमुन्यांचे गणित मात्र त्याआधीचे. मज्जापेशींच्या जाळ्याला काय ओळखता येते, याचा अभ्यास करताना गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये त्याचा पाया घातला. ‘हे किंवा ते’, ‘याच्यानंतर ते’, ‘हेच पुन्हा पुन्हा’ एवढ्या तीन क्रियांतून हवा तसा गुंतागुंतीचा नमुना बांधता येतो. १९६८ मध्ये थॉम्पसन यांनी हे गणित शोधकामाला जुंपले : जुळण्याच्या सगळ्या शक्यता एकाच वेळी हाताशी धरून मजकुराचे एकेक अक्षर पुढे वाचत जायचे.

हे हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्यावर लावून पाहू. वसमत तालुक्यातले हे गाव. विचारवंत नरहर कुरुंदकरांचे आडनाव याच गावावरून आले. मजकुरात ‘कुरुंदा’ शोधले, तर ‘कुरुंद्यात’, ‘कुरुंद्याचा’, ‘कुरुंदकर’ निसटतात, कारण मराठीत प्रत्यय लागला की नावाचे रूप पालटते. म्हणून नमुना द्यायचा फक्त ‘कुरुंद’. जुन्या छपाईत ‘कुरुन्दा’ असेल, कुणी ‘कुरूंदा’ लिहिले असेल, तर ‘कुरुंद|कुरुन्द|कुरूंद’ असे तीन पर्याय एकाच वेळी द्यायचे. पर्यायांची ही सोय संगणकशास्त्रज्ञ आल्फ्रेड आहो यांच्या ‘ईग्रेप’ने दिली, आजच्या ग्रेपमध्ये ती आहेच. कुरुंद नावाच्या दगडाचा उल्लेखही यात सापडेल. ओळी यंत्र काढून देईल, निवाडा वाचणाऱ्यानेच करायचा.

पण देवनागरीचे काय? १९७३चा ग्रेप रोमन अक्षरांसाठी होता. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी रॉब पाइक यांनी जेवणाच्या टेबलावरच्या कागदावर नव्या संकेतपद्धतीचा आराखडा मांडला. तीच युनिकोडची यूटीएफ-८. तिने जगातल्या लिप्या जुन्या साधनांना न मोडता सामावून घेतल्या. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे अक्षरालाही आणि मात्रेलाही, तिच्यात तीन बाइट लागतात. शोधाचे साधन आणि आपली लिपी शोधता यावी अशी संकेतपद्धती, या दोन्हींत थॉम्पसन यांचा हात आहे, ही मराठी माणसाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

आज ग्रेप लिनक्सच्या संगणकांवर फुकट मिळतो. कुरुंद्यातल्या शाळकरी मुलालाही तो थोड्या सरावाने वापरता येईल. अडते ते मजकुरापाशी. जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या फाइली पडद्यावर मराठी दिसतात, आत मात्र रोमन अक्षरांचे संकेत असतात. स्कॅन केलेली पाने म्हणजे नुसती चित्रे. दोन्हींतून ग्रेपच्या हाती काही लागत नाही. म्हणून गावाचा इतिहास, आजीच्या ओव्या, जुनी पत्रे जे काही टाइप कराल, ते युनिकोडमध्ये करा आणि साध्या मजकुराच्या फाइलीत जपून ठेवा.